भावजींचा प्रोसेसर

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात समोर आलेली पहिली वस्तू कधीही घेतलेली नाही. अख्ख्या मुलुंडमध्ये असा दुसरा माणूस सापडणार नाही, आणि सापडला तर मामा आधी त्याच्याशी स्वतःची तुलना करून बघतील. भाजीवाल्याने स्वतःहून पुढे केलेली मेथीची जुडी ते घेत नाहीत. स्टँडवरची पहिली रिक्षा सोडून तिसऱ्या रिक्षात बसायला जातात, त्यावरून रिक्षावाल्यांची आपापसात जुंपते आणि मामा शांतपणे चालत घरी येतात. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या खरेदी विभागात मामांनी सगळी नोकरी काढली. तीन कोटेशनं मागवल्याशिवाय टाचणीसुद्धा घ्यायची नाही, हा त्या विभागाचा नियम. कारखाना केव्हाच बंद पडला, तिथे आता काचेची इमारत उभी आहे, पण नियम मामांच्या अंगात मुरला तो मुरलाच. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर ते विचारतात, "ह्याच्याशिवाय दुसरं काय आहे?" दुकानदाराने अजून पहिलंही काही दाखवलेलं नसतं.

लग्नाच्या बाबतीतही मामांनी नियम मोडला नाही. घरच्यांनी दाखवलेली पहिली मुलगी त्यांच्या आईला पसंत होती, तरी ते आणखी दोन ठिकाणी गेले आणि तिन्हीकडे तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून आले. पहिल्या दोघींनी मान खाली घालून उत्तरं दिली. तिसऱ्या ठिकाणी, कणकवलीजवळच्या एका वाडीत, मामींनी उलट त्यांनाच विचारलं, "तुमच्या घराक वाचूक पुस्तकां आसत काय?" मामांच्या घरात तेव्हा वाचण्याजोगं म्हणजे पंचांग आणि रेशनकार्ड. ते मुंबईला परत आले, मुलुंडच्या वाचनालयाचे सभासद झाले आणि मगच त्यांनी होकार कळवला. मामी आजही आल्यागेल्याला अभिमानाने सांगतात, "मी ह्यांचा तिसरा कोटेशन."

अशा माणसाच्या हाती लिनक्स पडणं हा नियतीचा खेळच म्हणायचा. कारखान्यात संगणक आले तेव्हा मामांनी सवयीप्रमाणे "दुसरं काय आहे?" विचारलं आणि तिथल्या एका तरुण इंजिनिअरने त्यांना लिनक्स दाखवलं. संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, पण कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट, आणि वर शेकडो प्रकारांत मिळणारं. शेकडो प्रकार म्हटल्यावर मामा हरखलेच. "एका पुरवठादाराच्या ताब्यात जायचं नाही, जावईबापू. आज तो हसून माल देतो, उद्या नरडं धरतो," हे वाक्य मी माझ्या लग्नाच्या पंगतीत पहिल्यांदा ऐकलं. आहेराच्या पाकिटात लिनक्सची सीडी होती. सोसायटीच्या ऑफिसातल्या संगणकावरही त्यांनी लिनक्स बसवलं, तेव्हा वार्षिक सभेची नोटीस नुसत्या रिकाम्या चौकोनांत छापून आली आणि कुणाला काहीच न कळल्यामुळे सभेला कुणी आलंच नाही. इतकी शांत सभा आपल्या सोसायटीत पुन्हा झाली नाही, असं मामांचं म्हणणं आहे, आणि ते खोटंही नाही.

मग मामींचे डोळे गेले. काचबिंदूने दिसायचं ते कडेकडेने मिटत आलं आणि शेवटी पुस्तकातली ओळ हाती लागेना. ज्या बाईने पुस्तकं आहेत का विचारून नवरा केला, तिच्यावर ही वेळ यावी याचं आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटलं. मामांनी आधी स्वतः वाचून दाखवायचा प्रयत्न केला. पण प्रत्येक वाक्याला थांबून ते लेखकाला जाब विचारू लागले. ही बाई माहेरी का गेली, हिला दुसरा काही मार्ग नव्हता का? वकिलाने एकच साक्षीदार का आणला? आठवडाभरात मामींनी त्यांना कामावरून काढून टाकलं. "तुमी वाचत नाय," त्या म्हणाल्या, "तुमी भांडतास."

पुन्हा तोच इंजिनिअर उपयोगी पडला. त्याने कॉलेजात असताना मराठी मजकूर मोठ्याने वाचणारा एक प्रोग्राम लिहिला होता. मामांनी तो आपल्या संगणकावर बसवला आणि पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्याला वाचायला देऊ लागले. आवाज पुरुषाचा, म्हणजे पुरुषाला सर्दी झाली तर होईल तसा. जोडाक्षर आलं की ठेचकाळायचा, 'ळ' तर कितीतरी दिवस त्याच्या तोंडात बसेना. मामांनी जमतील तेवढे उच्चार घासूनपुसून दुरुस्त केले. मामींना मात्र तो पहिल्या दिवसापासून आवडला. परका पुरुष घरात बसून इतक्या आपुलकीने वाचतो म्हटल्यावर त्यांनी त्याला धाकट्या दिराचं नातं देऊन टाकलं आणि त्या त्याला भावजी म्हणू लागल्या. "भावजी, जरा थांबा हां, दूध उतू जाता," असं संगणकाला सांगून त्या भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात जायच्या आणि मामा धावत येऊन बटण दाबायचे. घरात तिसरं माणूस होतं, यावर त्या दोघांचं एकमत होतं.

गेल्या वर्षी हा संगणक म्हातारा झाला. त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला, त्या घरघरीत भावजींचा आवाज ऐकू येईना, आणि तापला की तो मधेच बंद पडे. एका रहस्यकथेत खुनी कोण हे सांगायला भावजींनी तोंड उघडलं आणि संगणक गेला. "भावजींका धाप लागता हो," मामी काळजीने म्हणाल्या. माझी बायको तिथेच होती. ती मामाला म्हणाली, "मामा, तू घेऊन टाक ना रे नवीन कॉम्प्युटर! अर्ध्या तासाचं काम आहे." मामांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू तिने टाचणी एकाच दुकानातून आणली असावी.

त्यांचं म्हणणं असं. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. बाजारातल्या बहुतेक संगणकांत तो एकाच जातीचा असतो आणि बनवणाऱ्या कंपन्या दोनच. "दोन म्हणजे एकच की," मामा म्हणाले. "आमच्या पंपांचं पाणी गळू नये म्हणून सील लागायचं, त्यात पण असंच होतं. दोघे मिळून दर ठरवायचे." तेव्हा आता पर्यायी जातीचा प्रोसेसर घ्यायचा. दोन जाती त्यांच्या डोळ्यासमोर होत्या. एक मोबाइलमध्ये असते ती, कमी तापणारी. दुसरी नवीन, जिचा सगळा नकाशाच जगाला खुला आहे, कुणीही तो घेऊन आपला प्रोसेसर बनवावा. ह्या दुसऱ्या जातीचं नाव काढलं की मामांचा चेहरा नातवंड झाल्यासारखा व्हायचा. नेहमीची जात त्यांनी तिसरं कोटेशन म्हणून तुलनेच्या तक्त्यात घातली होती, केवळ नियमासाठी.

अडचण एकच होती आणि ती मामांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात उभं करून समजावली. मागे त्यांनी इंडक्शनची शेगडी घेतली होती. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, तिन्हीकडे हिंडून, तिन्ही कंपन्यांच्या शेगड्यांवर दुकानदारांकडून पाणी उकळवून घेऊन. घरी आणल्यावर कळलं की मामींचे सगळे टोप ॲल्युमिनियमचे, इंडक्शनवर ते तापतच नाहीत. "शेगडी तीन दुकानांत बघितल्यात," मामी म्हणाल्या होत्या, "टोप एकदा तरी बघूचे!" ती शेगडी आजतागायत फ्रिजवर आहे आणि तिच्यावर लसूण वाळतो. "आपले भावजी म्हणजे तो टोप," मामा मला म्हणाले. "ते जुन्या जातीच्या प्रोसेसरवरच चालतात. नवीन जातीवर न्यायचे तर प्रोग्राम मुळापासून पुन्हा तयार करायला हवा, आणि त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, फक्त त्या इंजिनिअरकडे आहे."

मी म्हटलं, मग फोनवरचे आवाज आहेत ना, आता ते मराठीही किती छान बोलतात. मी माझ्या फोनवर एक लावूनही दाखवला. एक गोड मुलगी अतिशय अदबीने गोष्ट वाचू लागली. मामींनी दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला. "ही कोण बाय? माका गोष्ट सांगता काय विमानात बसयता?" मी फोन खिशात घातला.

असे आठवडे गेले. मामा तुलनात्मक तक्ता भरत होते, मामी खिडकीपाशी गप्प बसून असायच्या. मग एकदा मामा खाली गेल्याची चाहूल घेऊन मामींनी मला जवळ बोलावलं. "जावयबापू, ह्यांच्या काळजाची झडप खराब झाली हा. डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करूक सांगितल्यानी. हे म्हणतत, आधी भावजींची सोय लावतंय, मगे जातंय." नंतर कळलं की डॉक्टरांनी दोन प्रकारच्या झडपा सांगितल्या होत्या आणि मामांनी तिथेही तिसरी विचारली होती.

मामा जिना चढून वर आले, दारातच दम घेत उभे राहिले. मी तडकलो. सासुरवाडीच्या माणसाशी बोलायची सगळी रीत सोडून म्हणालो, "मामा, हद्द झाली! नेहमीचा प्रोसेसर घ्या, भावजी आज संध्याकाळी बोलायला लागतील आणि उद्या तुम्ही ॲडमिट व्हा!" मामा खुर्चीत बसले. मला वाटलं आता पुरवठादारावरचं व्याख्यान येणार. पण ते हळू आवाजात म्हणाले, "बोलतील. आणि पुन्हा बिघडले तर? त्या प्रोग्रामला कसा गोंजारायचा ते फक्त मला माहीत आहे. अहो, खरेदीत सगळ्यात मोठा धोका कुठला? सिंगल सोर्स. एकच पुरवठादार. आणि ह्या घरात सिंगल सोर्स मी आहे, जावईबापू. मला भावजी अशा डब्यात घालून द्यायचे आहेत की पंखा नको, आवाज नको, आणि मी नसलो तर कोणीही पिन लावावी आणि त्यांनी बोलावं." मी विचारलं, तो इंजिनिअर कुठे असतो?

तो घाटकोपरला असतो. संगणक सोडून तो सासऱ्यांच्या साड्यांच्या दुकानात बसतो आणि सुखी आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याने मामांना वाकून नमस्कार केला, चहा मागवला, पण प्रोग्रामचं नाव काढताच कानाला हात लावले. "काका, ते कुठल्या तरी जुन्या हार्डडिस्कवर असेल. माळ्यावर दहा खोकी आहेत. दिवाळीनंतर बघतो ना नक्की." मामांनी मान डोलावली, गादीवर ऐसपैस मांडी घातली आणि म्हणाले, "बरं. आलोय तर हिच्यासाठी एक साडी बघू." त्याने एक साडी उलगडली. "छान आहे. ह्याच्याशिवाय दुसरं काय आहे?" त्याने दुसरी उलगडली. पुढचं मला सगळं नीट आठवतही नाही, इतक्या साड्या त्या दिवशी उलगडल्या गेल्या. गादीवर डोंगर झाला, पलीकडची गिऱ्हाइकं दिसेनाशी झाली, दुकानातले दोघे नोकर घड्या घालून घामाघूम झाले. मामा प्रत्येक साडीचा पोत बोटांनी बघत होते, मनापासून कौतुक करत होते आणि शांतपणे पुढची मागत होते. शेवटी इंजिनिअर घाम पुसत उठला. "काका, यार, वाट लागली माझ्या दुकानाची! थांबा तुम्ही, मी माळ्यावर चढतो." हार्डडिस्क मिळाली. साडीही घेतली, अर्थात पहिली नव्हे.

मामांचं लिनक्सवाल्यांचं एक मंडळ आहे. त्यातल्या सभासदांकडून त्यांनी दोन्ही पर्यायी जातींचे छोटे संगणक वापरून परत देण्याच्या बोलीवर आणले. हाताच्या पंजाएवढे नुसते हिरवे बोर्ड. मामांनी दोन दिवस बसून दोन्हींवर भावजी नव्याने तयार केले आणि रविवारी सकाळी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर दोन्ही बोर्ड, समोर मामी. मामा स्वतःला बुद्धिवादी म्हणवतात, पण त्या दिवशी त्यांनी नारळ ठेवला होता. त्यांनी हात जोडले आणि गावच्या रीतीने खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या घरातले भावजी जुनो संगणक सोडून नव्या जाग्यार जातत, त्यांका सुखरूप पोचव रे म्हाराजा!" आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा!" "माझ्या हातसून काय चूकभूल झाली आसात तर ती सांभाळून घे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" इथवर ठीक होतं. पण खरेदी विभाग कुठे जातो? "आणि वॉरंटीच्या मुदतीत कसलोच बिघाड होऊ देऊ नको रे म्हाराजा!" माझी बायको हसू दाबत सगळ्यांत मोठ्याने ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आधी मामांच्या लाडक्या खुल्या नकाशाच्या प्रोसेसरची पाळी. बराच वेळ काहीच झालं नाही. मग भावजी बोलले, पण कसे? तोंडात गरम मोदक धरल्यासारखे. एक शब्द, मग विश्रांती, मग अर्धा शब्द. मामी कानामागे हात धरून ऐकत होत्या. "भावजींका काय झाला?" त्या घाबरून म्हणाल्या. "दात काढून इले की काय?" मामा म्हणाले, जात नवीन आहे, अजून जोमात आलेली नाही, दोनचार वर्षांत ती सगळ्यांना मागे टाकेल. त्यांनी मामींकडे बघितलं, आणि दोनचार वर्षं हे आपलेच शब्द बहुधा त्यांना तेव्हा ऐकू आले. त्यांनी तो बोर्ड उचलून बाजूला ठेवला. तत्त्वासाठी अख्ख्या सोसायटीशी भांडलेला हा माणूस, पण एवढ्या सहजपणे तत्त्व बाजूला ठेवताना मी त्यांना त्या दिवशीच पाहिलं.

दुसरा, मोबाइलच्या जातीचा. मामांनी पिन लावली. तोच सर्दीचा आवाज, तसाच जोडाक्षराला ठेचकाळणारा, आणि भोवती पंख्याची घरघर नाही, काही नाही. त्या रहस्यकथेत जिथे अडलं होतं तिथूनच भावजी सुरू झाले. मामींचा चेहरा उजळला. "इले!" त्या म्हणाल्या. "भावजी इले!" खुनी त्या घरचा स्वयंपाकी निघाला, पण ते आम्ही धड ऐकलंही नाही.

मामा मरोळला जेवण न्यायचे तो ॲल्युमिनियमचा डबा मामींनी जपून ठेवला होता. बोर्ड मामांनी त्या सभासदाकडून विकतच घेतला आणि भावजींचं बिऱ्हाड डब्यात झालं. उष्णता धातू ओढून घेतो, म्हणून पंख्याची गरज नाही, असं मामा म्हणाले. मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. पिन काढायला लावली, लावायला लावली, पान फिरवायला लावलं, मुद्दाम बिघाड करून तो शोधायला लावला. मी पास झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पर्यायी पुरवठादार मंजूर," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे ॲडमिट झाले.

ऑपरेशन चांगलं झालं. हे वाक्य इतक्या सहज लिहिता येतंय याचं मला अजून नवल वाटतं. ते दिवस मी आणि बायको आळीपाळीने मामींकडे राहत होतो. मामी दिवसभर भावजींना वाचायला लावायच्या, पण ऐकत होत्या असं मला वाटत नाही, कारण मी एकदा चुकून तेच प्रकरण पुन्हा लावलं तरी त्या काही बोलल्या नाहीत. दवाखान्यातून फोन आला की त्यांचा हात बरोबर फोनवर पडायचा.

मामा घरी आले त्या संध्याकाळी भावजी वाचतच होते. मामा सावकाश येऊन खुर्चीत बसले, डब्याला हात लावून बघितला, गार होता. थोडा वेळ ऐकत राहिले. "चांगलं चाललंय," ते म्हणाले, पण आवाज पडलेला. मोठी ऑर्डर आपल्या हातून दुसऱ्याकडे गेली की माणूस असा बोलतो. त्यांनी स्वतःच लावून दिलेली सोय त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्याशिवाय चालली होती.

"जावयबापू," मामी म्हणाल्या, "भावजींका जरा बंद करा."

मी आवाज बंद केला. मामा दचकून पुढे झाले. "का गो? काय बिघडला?"

"बिघडूक काय नाय. भावजी बरे वाचतत, एक अक्षर सोडूक नाय. पण इतके दिवस घरात कोण भांडूकच नाय." मामींनी चाचपडत पुस्तक उचललं आणि त्यांच्या दिशेने धरलं. "घ्या. आज तुमी वाचा."

मामांनी चष्मा शोधला, पुसला, पुन्हा पुसला. पान उघडून एक वाक्य वाचलं आणि थांबले. "आता हा गृहस्थ पुढच्याच दाराने का गेला? मागचं दार होतं की!" मामींनी डोळे मिटले आणि खुर्चीत मागे टेकल्या. "वाचा फुडे," त्या म्हणाल्या, पण घाई नव्हती. पर्यायी पुरवठादाराचं तिथे काही काम उरलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि मी कुणाला न सांगता चपला घातल्या. जिना उतरताना पार खालच्या मजल्यापर्यंत मामांचा आवाज येत होता. लेखक काही उत्तर देत नव्हता.